जेटबरोबर फिरणारा कॅमेरा: एअर शोसाठीच्या प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

एअर शोला अजून काही आठवडे आहेत. प्रकल्पाचं उद्दिष्ट आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे फाटे फुटणार नाहीत. वेगात जाणाऱ्या लढाऊ जेटचा असा फोटो हवा, ज्यात शेपटीवरचा क्रमांक वाचता येईल आणि कॉकपिटमधलं हेल्मेट हेल्मेटसारखं दिसेल. आकाशात एक काळा त्रिकोण असलेले फोटो पुष्कळ निघतात, ते मोजायचे नाहीत.

हाताशी २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरचा) कॅमेरा आहे आणि १००-४०० मिमी झूम. कॅमेरा सेकंदाला १० फोटो काढतो, यांत्रिक शटरवर. याहून महाग सामान मागवायचं नाही, आहे त्यातच काम करायचं.

१० जानेवारी

सेटिंगच्या याद्या सगळीकडे मिळतात आणि सगळ्या ‘१/१००० किंवा त्याहून वेगवान शटर’ म्हणून थांबतात. हा आकडा कुठून आला ते बघायचं म्हणून आज कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

अमेरिकेत एफएएच्या (तिथल्या हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या) नियमांनुसार २४५ नॉटपेक्षा वेगवान विमानांना प्रेक्षकांपासून १५०० फूट, म्हणजे साधारण ४५० मीटर लांब राहावं लागतं. हिशोबासाठी हेच अंतर धरलं. विमानाचा वेग ताशी ८०० किमी, म्हणजे सेकंदाला २२२ मीटर. ४५० मीटरवरून बरोबर समोरून जाताना ते सेकंदाला जवळपास २८ अंश सरकतं. ४०० मिमीला फुल-फ्रेमवर आडवा दृश्यकोन असतो ५ अंशांच्या किंचित वर. म्हणजे कॅमेरा स्थिर धरला तर विमान फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला ०.१८ सेकंदात पोचतं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपलं!

आता हेच पिक्सेलमध्ये. फ्रेमची रुंदी ६००० पिक्सेल, म्हणजे विमानाची प्रतिमा सेन्सरवरून सेकंदाला सुमारे ३३,००० पिक्सेल धावते. १/१००० सेकंदात ३३ पिक्सेल, १/२००० सेकंदात १६, आणि १/४००० ला सुद्धा ८. आठ पिक्सेलचा पुसटपणा असेल तर शेपटीवरचा क्रमांक गेलाच.

आता कॅमेरा विमानाबरोबर फिरवला आणि हाताचा वेग विमानाच्या वेगापेक्षा १० टक्के कमी-जास्त राहिला असं धरू. मग १/२००० ला पुसटपणा उरतो दीड पिक्सेल. १/१००० ला तीन-सव्वातीन.

या प्रकल्पाचं सगळं सार या दोन परिच्छेदांत आहे. जेटला शटर थांबवत नाही, पॅनिंग, म्हणजे विमानाबरोबर कॅमेरा फिरवणं, थांबवतं. पॅनिंगमध्ये जी चूक राहते तेवढीच शटर पोटात घालतं. म्हणून येत्या दिवसांत जास्त वेळ हाताला द्यायचा, कॅमेऱ्याच्या मेनूला कमी.

१२ जानेवारी

याच हिशोबातून आणखी दोन गोष्टी निघाल्या.

एक. ४५० मीटरवर एका पिक्सेलमध्ये विमानाचा जवळपास ७ मिलिमीटरचा भाग मावतो. हेल्मेट मग चाळीसेक पिक्सेलचं. पुरेसं आहे, पण हवा स्वच्छ असेल आणि फोकस नेमका असेल तरच. एफ-१६ ची लांबी १५ मीटर आहे. ४०० मिमीला ते फ्रेमच्या रुंदीचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग व्यापेल. क्रॉप करावं लागणारच, पण हात बसलेला नसताना विमान फ्रेममध्ये ठेवायला ही मोकळी जागा उपयोगाचीही आहे.

दोन. विमान बरोबर समोर असतं तेव्हाच त्याचा कोनीय वेग, म्हणजे सेकंदाला किती अंश सरकतं ते, सर्वांत जास्त असतो. ते आपल्याकडे येत असताना, समोरच्या बिंदूपासून ४५ अंश अलीकडे, हा वेग बरोबर निम्मा असतो. म्हणजे तिरक्या कोनातून, नाक आणि एक पंख आपल्या बाजूला असताना काढलेला फोटो दिसायला सुंदर आणि काढायला सोपा. प्रतिमा थोडी लहान येते, तेवढं चालेल. मात्र विमान जवळ येताना कोनीय वेग वाढत जातो, त्यामुळे हात सतत वेग घेत राहिला पाहिजे. एकाच वेगाने फिरणारा हात नेमका समोरच्या बिंदूपाशी मागे पडतो.

१५ जानेवारी

मग शटर १/५०० का ठेवू नये? पॅनिंग उत्तम असेल तर तेही चाललं पाहिजे. चालत नाही, कारण विमान नुसतं सरळ जात नाही, स्वतःभोवती फिरतंही. लढाऊ विमान सेकंदाला २०० अंशांहून जास्त वेगाने गिरकी घेऊ शकतं. पंखाचं टोक मधल्या अक्षापासून ५ मीटरवर असेल तर ते सेकंदाला १७ मीटर वेगाने वर-खाली जातं. १/५०० मध्ये ३५ मिलिमीटर, म्हणजे पाच पिक्सेल. धड स्वच्छ आणि पंखाची टोकं पुसट. ही हालचाल कुठलंही पॅनिंग सावरू शकत नाही, तिथे शटरच लागतं. १/२००० ला हीच हालचाल सव्वा पिक्सेलच्या आसपास येते.

म्हणून पाया ठरला: जेटसाठी १/१६०० ते १/२०००. प्रॉपेलर असलेली विमानं आली तर गणित उलटं होतं. तिथे पाती फिरताना दिसली पाहिजेत, म्हणून १/२५० च्या आसपास उतरायचं आणि हेलिकॉप्टरला त्याहूनही खाली. जेटच्या शटरवर पाती थिजतात आणि इंजिन बंद पडल्यासारखं दिसतं.

१८ जानेवारी

सरावासाठी जेट कुठून आणायचं? आणायला नकोच. ताशी ६० किमीने जाणारी मोटारसायकल ३४ मीटरवरून बघितली की तिचा कोनीय वेग ४५० मीटरवरच्या जेटएवढाच येतो. हाताला दोन्ही सारखेच. अंतर पावलांनी मोजलं, रस्त्यापासून बरंच आत उभा राहिलो आणि शटर मुद्दाम १/१२५ ला आणलं.

१/१२५ कशासाठी? वेगवान शटर हाताची चूक झाकतं, संथ शटर ती मोजून दाखवतं. १/१२५ ला १० टक्के चूक म्हणजे २६ पिक्सेलचा पुसटपणा, ५ टक्के म्हणजे १३. फोटो संगणकावर मोठा करून नंबरप्लेटच्या कडेचा पुसटपणा मोजला की आपला हात किती टक्के मागे-पुढे आहे ते सरळ कळतं. मला ही पद्धत फार आवडली. ‘सराव करा’ सगळेच सांगतात, पण सरावाला फूटपट्टी लागते, ती इथे मिळाली.

२४ जानेवारी

उभं राहण्याची पद्धत. पावलं जिथे फोटोंची मालिका संपणार त्या दिशेला ठेवायची आणि कंबरेतून मागे वळून विमान पकडायचं. म्हणजे विमान समोर येईपर्यंत शरीराचा पीळ सुटत जातो आणि नेमक्या महत्त्वाच्या जागी अंग मोकळं असतं. उलट उभं राहिलं की तिथेच पीळ बसतो आणि हात अडखळतो. डावा तळवा लेन्सखाली, कोपर बरगडीला टेकलेलं. बटण सुटल्यावरही कॅमेरा फिरवत राहायचा. क्लिक झालं की थांबायची हाताला सवय असते आणि मालिकेतले शेवटचे फोटो त्यामुळेच जातात.

१/१२५ ला पुसटपणा आता बऱ्याचदा दहा-बारा पिक्सेलवर राहतो. १/२००० ला हा पिक्सेलपेक्षाही कमी होईल.

२७ जानेवारी

मोटारसायकल ठरलेल्या वाटेने येते, जेट येईलच असं नाही. म्हणून आज पाकोळ्या. वीसेक मीटरवरून सेकंदाला दहा मीटर वेगाने उडणारी पाकोळी जेटएवढ्याच कोनीय वेगाने सरकते आणि वर मनात येईल तशी वळते. फोकस तिच्यावर बसणं जेटपेक्षा कितीतरी अवघड, पण आज फोकस बघायचाच नव्हता. व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी सापडणं आणि सापडलेला न सुटणं, एवढंच.

सापडण्यासाठी एक पद्धत पक्की केली. झूम १०० ला ठेवून दोन्ही डोळे उघडे, आधी नजरेने लक्ष्य धरायचं, मग नजर न हलवता कॅमेरा डोळ्यापुढे आणायचा, आणि लक्ष्य चौकटीत आल्यावरच झूम ४०० ला. सुरुवातीपासून ४०० ला शोधलं की नुसतं निळं आकाश दिसतं.

३० जानेवारी

ऑटोफोकस. विमान सरकेल तसा फोकस बदलत राहणारा कंटिन्युअस मोड, म्हणजे कॅननवर सर्व्हो आणि निकॉन-सोनीवर एएफ-सी. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर दिला आहे. अंगठा फोकस सांभाळतो, तर्जनी फक्त फोटो काढते. विमान ढगाआड गेलं की अंगठा उचलायचा, फोकस होता तिथेच राहतो आणि ढगावर जाऊन बसत नाही.

फोकसची जागा: एकच बिंदू नको, पूर्ण फ्रेमही नको. मधला लहान गट ठेवला. निळ्या आकाशात कॉन्ट्रास्ट असतो तो फक्त विमानावर, त्यामुळे गट चांगला चालतो. धूर सोडणाऱ्या चमूच्या वेळी मात्र पूर्ण फ्रेमचा फोकस धुराच्या पट्ट्यावर बसू शकतो. अलीकडच्या कॅमेऱ्यांत विमान ओळखणारा फोकस असतो. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो जरूर वापरावा, हिशोब मात्र तोच राहतो.

लेन्सवरचा फोकस लिमिटर लांबच्या बाजूला. फोकस सुटला तर लेन्स अगदी जवळपर्यंत शोधत जात नाही आणि लवकर परत येतो.

ॲपर्चरबद्दल (लेन्समधल्या उजेडाच्या छिद्राबद्दल, एफ/ चा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एक आकडा बघून ठेवला. ४०० मिमी, एफ/८, अंतर ४५० मीटर: नेहमीच्या मापाने फोकसची खोली, म्हणजे ज्या पट्ट्यात सगळं स्पष्ट येतं ती, सुमारे २७० मीटरपासून १३८० मीटरपर्यंत जाते. एका पिक्सेलचं कडक माप लावलं तरी साधारण ३९६ ते ५२० मीटर. पंधरा मीटरचं विमान यात आरामात बसतं. म्हणजे खोली मिळावी म्हणून ॲपर्चर बंद करायची काहीच गरज नाही. एफ/७.१ किंवा एफ/८ यासाठी, की माझी लेन्स तिथे सर्वांत धारदार आहे. एफ/११ च्या पुढे तर जायचंच नाही, निळ्या आकाशात सेन्सरवरच्या धुळीचा कण न् कण ठिपका होऊन दिसतो. सेन्सर आजच स्वच्छ करून घेतला.

स्थिरीकरण (हाताचा कंप आवरणारी सोय) मोड २ वर, म्हणजे पॅनिंगच्या दिशेला ते विरोध करत नाही. १/२००० ला फोटोत त्याने फारसा फरक पडत नाही, पण व्ह्यूफाइंडर शांत राहतो आणि फोकसचा गट विमानावर ठेवणं सोपं जातं.

४ फेब्रुवारी

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. इथे मी मॅन्युअलच्या बाजूने आहे, निदान स्वच्छ उन्हात तरी. जेटवर पडणारं ऊन दिवसभर जवळपास तेच असतं. बदलते ती पार्श्वभूमी: निळं आकाश, मग पांढरा ढग, मग खालून जाताना झाडांची गडद रांग. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर सोडलं तर एकाच विमानाचे तीन वेगवेगळे उजेड मिळतात.

जुना साधा नियम पुरतो. लख्ख उन्हात एफ/१६ ला शटर आयएसओइतकं (आयएसओ म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा). आयएसओ ४०० ला १/४००, म्हणजेच एफ/८ ला १/१६००, किंवा एफ/७.१ ला १/२०००. तिथून सुरुवात करून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघायचा. विमान पांढऱ्या रंगाचं असेल किंवा पांढरा धूर उन्हात असेल तर थोडं खाली.

ढगाळ दिवस अगदी वेगळा. आकाश पांढरं-करडं, विमानाचं पोट सावलीत, आणि मीटर आकाशाला करडं करायच्या नादात विमानाचा कोळसा करतो. तिथे शटर १/१६००, ॲपर्चर लेन्स उघडेल तेवढं, ऑटो आयएसओ आणि एक्स्पोजरची भरपाई +१ ते +१.७ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आकाश पांढरं फटक पडलं तरी हरकत नाही, त्यात तसंही काही नसतं.

पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवला. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो आणि कॉकपिटच्या काचेवर रंगीत पट्टे आणू शकतो. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), फोटो लहान-लहान मालिकांत. विमान लांब असतानाच बटण दाबून धरलं तर ते समोर येतं तेव्हा बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरलेला असतो.

८ फेब्रुवारी

समोरासमोरून येऊन एकमेकांना ओलांडणारी दोन जेट. या एकाच प्रसंगात पॅनिंगचा नियम मोडतो, म्हणून वेगळी नोंद. एकाबरोबर कॅमेरा फिरवला तर ते स्वच्छ, पण दुसऱ्याचा सापेक्ष वेग दुप्पट: १/२००० ला ३३ पिक्सेल. दोन्ही सारखी हवी असतील तर कॅमेरा स्थिरच धरला पाहिजे. ४०० मिमीला १/४००० वर दोघांनाही ८-८ पिक्सेल. झूम २०० ला आणला की ४-४. छापील किंवा पडद्यावरच्या आकारात हे खपून जातं. सेटिंग: २०० मिमी, एफ/५.६, १/४०००, आयएसओ ५००.

पण खरी अडचण क्षणाची. दोघं मिळून सेकंदाला ४४४ मीटरने एकमेकांच्या अंगावर येतात. सेकंदाला १० फोटो म्हणजे दोन फोटोंच्या मध्ये अंतर ४४ मीटरनी बदलतं. नाकाला नाक भिडलेलं दिसण्याचा काळ त्याहून लहान. म्हणजे कॅमेरा पूर्ण वेगाने चालवूनही तो क्षण दोन फोटोंच्या फटीतून निसटू शकतो. सेकंदाला २० फोटो काढणाऱ्याचा इथे खरा फायदा आहे.

आणि इथे संथ सेन्सरचं इलेक्ट्रॉनिक शटर (पडद्याऐवजी सेन्सर ओळीओळीने वाचणारं) अजिबात नको. पूर्ण फ्रेम वाचायला १/२० सेकंद लागत असेल तर, विमान ५ मीटर उंच धरलं तरी, ४०० मिमीला स्थिर कॅमेऱ्यात त्याच्या शेंड्यापासून पोटापर्यंत ३०० पिक्सेलचा तिरपेपणा येतो, शेपटी सरळ उरत नाही. यांत्रिक शटरचा पडदा १/२५० सेकंदाच्या आसपास प्रवास करतो, तिरपेपणा २५ पिक्सेलच्या आत. पॅनिंग करताना विमान फ्रेममध्ये स्थिर असल्यामुळे ते वाचतं, मागची झाडं-खांब तेवढे कलतात.

१३ फेब्रुवारी

सराव उड्डाणांचा दिवस. सकाळी हवा निवळ होती, दुपारी धावपट्टी तापली आणि लांबून उडणाऱ्या विमानांचे कडेचे भाग थरथरू लागले. ही उष्णतेची थरथर कुठल्याच सेटिंगने जात नाही. १/८००० ला सुद्धा थिजलेली थरथरच मिळते. म्हणून उद्याचा क्रम: जमिनीलगतचं सगळं सकाळी, दुपारी फक्त वरचं. सूर्य पाठीशी राहील अशी जागा बघून ठेवली.

आवाजाच्या मागे बघायचं नाही, हेही आज अंगवळणी पाडलं. ताशी ८०० किमी म्हणजे आवाजाच्या वेगाचा दोन तृतीयांश. दोन किलोमीटरवरचा आवाज पोचेपर्यंत विमान तिथून १.३ किलोमीटर पुढे आलेलं असतं. मागून गुपचूप येणाऱ्या विमानासाठी नजर आवाजाच्या पुढे, उड्डाणाच्या दिशेला टाकायची.

१४ फेब्रुवारी

प्रत्यक्ष शो. सकाळी हवेत ओल होती आणि तिचा फायदा झाला. जेट कडक वळण घेतं तेव्हा पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब एकदम उतरतो, हवा थंड होते आणि तिच्यातलं बाष्प क्षणभर ढगासारखं दिसतं. त्याला आवाजाची भिंत तोडावी लागत नाही, कमी वेगातल्या वळणातही ते होतं. वळणाची सुरुवात ओळखायची खूण म्हणजे विमान आधी कुशीवर होतं आणि मग ओढलं जातं. कुशीवर झालं की लगेच मालिका सुरू. पाठ आपल्याकडे असते, पंखांवर ऊन असतं, आणि त्या पांढऱ्या पडद्यातून कॉकपिटची काच चमकते. यासाठीच हा सगळा खटाटोप होता!

एफ/७.१, १/२०००, आयएसओ ४००. दुपारपर्यंत कॅमेऱ्याच्या सेटिंगच्या चाकांना हातही लावला नाही.

संध्याकाळी आफ्टरबर्नर, म्हणजे झोतात जादा इंधन जाळल्यावर इंजिनमागे निघणारी ज्वाळा. सूर्य मावळल्यावर आयएसओ ३२००, एफ/५.६, १/५००. ज्वाळेत ठरावीक अंतरावर तेजस्वी ठिपके दिसतात, बाहेर पडणाऱ्या झोताचा दाब आणि भोवतालच्या हवेचा दाब जुळत नाही म्हणून झोतात धक्कालहरी उमटतात, त्यांचे ते. ज्वाळेसाठी एक्स्पोजर एक स्टॉप खाली ठेवलं तर ते ठिपके शाबूत राहतात. विमान सरळ चढत असतं, गिरकी नसते, म्हणून १/५०० चालतं, मात्र सगळा भार पॅनिंगवर येतो.

२१ फेब्रुवारी

निवड संपली. फोटो शटरप्रमाणे न लावता विमान कुठल्या कोनात होतं त्याप्रमाणे लावले. तिरक्या कोनातून जवळ येणाऱ्या विमानांचे फोटो सर्वांत जास्त टिकले, त्यानंतर बरोबर समोरचे. १/१६०० आणि १/२००० यांत मोठं करून पाहूनही फरक जवळपास दिसला नाही. ओलांडणाऱ्या जोडीचा एक फोटो नाकाला नाक आला आहे, पाठोपाठच्या दोन फोटोंमध्ये विमानं केव्हाच दोन बाजूंना पांगलेली. हेल्मेट ओळखू येतं. शेपटीवरचा क्रमांक सकाळच्या फोटोंत वाचता येतो, दुपारच्या खालून गेलेल्या विमानांत नाही.

सर्वांत कमी टिकले ते उभ्या चढाईचे. आडव्या पॅनिंगवर हात बसला होता, खालून वर जाताना पाठ मागे झुकते आणि कोपर बरगडीपासून सुटतं. यासाठी १/१२५ चा वेगळा सराव लागेल: झाडाच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत झेपावणारे पक्षी, गुडघे किंचित वाकवून, वजन मागच्या पायावर.

कॅमेऱ्याच्या आठवणीत तीन जागा आहेत. पहिलीत एफ/७.१, १/२०००, आयएसओ ४००. दुसरीत ओलांडणाऱ्या जोडीचं १/४०००. तिसरीत प्रॉपेलरचं १/२५० होतं, ते काढून तिथे ढगाळ दिवसाचं ऑटो आयएसओ ठेवलं, कारण प्रॉपेलरची विमानं यायच्या आधी चाक फिरवायला वेळ मिळतो, ढग सूर्यापुढे येतो तेव्हा मिळत नाही.